निळं तोंड, आत चारच पिना: लॅपटॉपच्या लॅन अडॅप्टरमधली फसवणूक

पातळ लॅपटॉपला लॅनचं, म्हणजे वायरीने नेट जोडायचं, पोर्ट नसतं, म्हणून यूएसबीला लावायचा छोटा अडॅप्टर घ्यावा लागतो. पाकिटावर ‘यूएसबी 3.0, गिगाबिट, 1000 एमबीपीएस’ असं छापलेलं असतं, तोंड निळं असतं, किंमत दोनशे-तीनशे रुपये. लावला की दिवे लागतात, नेट चालू होतं आणि गिऱ्हाईक निश्चिंत होतं. अडॅप्टर चालतोच, फक्त पाकिटावर लिहिलेल्या वेगाच्या तिसऱ्या किंवा दहाव्या हिश्शाने, आणि काही वेळा शंभराव्या.

ही फसवणूक उशिरा कळते. घरी 40 एमबीपीएसचा (सेकंदाला 40 मेगाबिटचा) प्लॅन असेल तर 100चा अडॅप्टर गिगाबिट म्हणून सहज खपून जातो. पुढे प्लॅन 300चा घेतला की आकडा 94-95च्या वर हलत नाही. मग केबलवाल्याला फोन जातो, तो येऊन राउटर रीसेट करतो, वायर बदलली जाते, नव्या राउटरचं बोलणं निघतं. अडॅप्टरवर संशय जाईपर्यंत माल परत करायची मुदत टळून गेलेली असते. असा माल बाजारात टिकून आहे तो याच जोरावर.

खोट तीन प्रकारची असते. पहिल्या प्रकारात आत रिअलटेक कंपनीची आरटीएल 8152 किंवा एएसआयएक्सची एएक्स 88772 अशी चिप असते. या चिपा वाईट नाहीत, पण त्या यूएसबी 2.0च्या आणि 100 एमबीपीएसच्या आहेत. गिगाबिटचं लेबल लावून त्या विकणं ही फसवणूक. दुसऱ्या प्रकारात चिप खरोखर गिगाबिटची असते, पण तिच्यापर्यंत यूएसबी 2.0च्याच तारा पोचवलेल्या असतात. विंडोज 1000/1000 दाखवतं, दिवाही गिगाबिटचाच लागतो, आणि प्रत्यक्ष वेग 300च्या आसपास अडकतो, कारण यूएसबी 2.0ची कागदावरची मर्यादाच 480 आहे.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट. आत आरडी 9700 किंवा एसआर 9700 नावाची चिप. ती संगणकाशी यूएसबी 1.1च्या वेगाने, म्हणजे 12 एमबीपीएसने बोलते. राउटरकडची बाजू 100ची असल्यामुळे विंडोजमध्ये लिंक स्पीड 100 दिसतो, पण मोठी फाइल उतरवताना सेकंदाला एक मेगाबाइटही धड मिळत नाही. म्हणजे घरातलं वायफाय याहून कितीतरी पुढे, आणि माणूस पैसे मोजून मागे आलेला. याच चिपेच्या कित्येक अडॅप्टरांना मॅक ॲड्रेसही, म्हणजे नेटवर्कवरचा ओळख क्रमांकही, एकच दिलेला असतो. 00-ई0-4सी-53-44-58 हा त्यातला नेहमी दिसणारा. ऑफिसात असे दोन अडॅप्टर एकाच नेटवर्क स्विचवर आले की एकाचं नेट चालू झालं की दुसऱ्याचं तुटतं, आणि कारण शोधण्यात दिवस जातो. मॅक ॲड्रेस बांधून कनेक्शन देणाऱ्या स्थानिक केबलवाल्याकडेही हाच गोंधळ होतो.

ओळखायचं कसं? आधी डोळ्यांनी. चौकोनी यूएसबीचं तोंड उजेडात धरून आत बघा. पुढच्या बाजूला चार लांब पट्ट्या दिसतात, त्या जुन्या 2.0च्या. खऱ्या 3.0मध्ये त्यांच्या मागे आणखी पाच छोट्या पिना असतात, एकूण नऊ. निळं प्लास्टिक कुणालाही बसवता येतं, पण मागच्या पाच पिना नसतील तर तो 3.0 नाही, पाकिटावर काहीही छापलेलं असो. टाइप-सीच्या तोंडावरून मात्र काही कळत नाही. तिथे संगणकालाच विचारावं लागतं.

स्टार्टच्या बटणावर राइट क्लिक करून डिव्हाइस मॅनेजर उघडा. नेटवर्क अडॅप्टर्समध्ये तुमचा अडॅप्टर शोधा, प्रॉपर्टीज, मग डीटेल्स, आणि खालच्या यादीतून ‘हार्डवेअर आयडीज’ निवडा. व्हीआयडी (कंपनीचा क्रमांक) 0बीडीए आणि पीआयडी (वस्तूचा क्रमांक) 8153 म्हणजे रिअलटेकची खरी गिगाबिट चिप. पीआयडी 8152 असेल तर 100ची. व्हीआयडी 0बी95, पीआयडी 1790 ही एएसआयएक्सची गिगाबिट चिप. व्हीआयडी 0एफई6, पीआयडी 9700 दिसलं की अडॅप्टर तिथेच काढून परतीच्या पाकिटात घाला. यादीत वर दिसणाऱ्या नावावर जाऊ नका. ते नाव ड्रायव्हर, म्हणजे अडॅप्टर चालवणारं सॉफ्टवेअर, लिहितो, आयडी चिप सांगते.

दुसरा प्रकार, म्हणजे गिगाबिट चिप आणि 2.0च्या तारा, आयडीवरून पकडता येत नाही. त्यासाठी यूएसबीच्या बाजूचा वेग बघावा लागतो. ॲपलच्या मॅकवर सिस्टिम इन्फर्मेशनमध्ये यूएसबीखाली अडॅप्टरसमोर 480 एमबी की 5 जीबी ते लिहिलेलं असतं. लिनक्सवर एलएसयूएसबी ही कमांड डॅश आणि लहान टी जोडून (lsusb -t) दिली की 12एम, 480एम किंवा 5000एम असा आकडा येतो. विंडोजवर ‘यूएसबी डिव्हाइस ट्री व्ह्यूअर’ हे मोफत साधन तेच दाखवतं.

विकणाऱ्यावर बोट ठेवण्याआधी आपली बाजू मात्र नीट तपासा, नाहीतर चांगला माल परत जातो. लॅपटॉपचं पोर्टच 2.0चं असेल, किंवा मधे जुना हब (एका पोर्टची अनेक करणारा डबा) असेल, तर अस्सल अडॅप्टरही 300वरच थांबेल. तोंड सावकाश आत सरकवलं तरी असं होतं: पुढच्या चार पिना आधी टेकतात आणि जोडणी 2.0वर बसते. काढून एका झटक्यात पुन्हा लावा आणि मगच आकडा बघा. 94-95वर अडकलं असेल तर वायर बघा. 100 एमबीपीएसला आठपैकी चारच तारा लागतात, गिगाबिटला आठही. एक तार क्रिंपिंगमध्ये (टोकाला क्लिप दाबून बसवताना) निसटली की लिंक गुपचूप 100वर येते. फायबरच्या बऱ्याच स्वस्त डब्यांवर एकच पोर्ट गिगाबिटचं असतं आणि बाकीची 100ची, म्हणून पोर्टही बदलून बघा.

वायरीतही हीच लबाडी चालते. ‘कॅट 6’ छापलेल्या स्वस्त वायरीत तांब्याऐवजी तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं. एक तार ब्लेडने खरवडा, आतून पांढरी निघाली तर ते ॲल्युमिनियम. दोन मीटरला एखादवेळी खपतं, पण घरभर ओढायला ही वायर कधीही घेऊ नका.

ड्रायव्हरचा सापळा यापेक्षा महागात पडतो. आरटीएल 8153चा अडॅप्टर विंडोज 10 आणि 11वर लावल्या लावल्या चालतो. हलक्या चिपेबरोबर छोटी सीडी येते, आणि ज्या लॅपटॉपला लॅन पोर्ट नाही त्याला सीडी ड्राइव्ह कुठून असणार? मग माणूस नेटवर ड्रायव्हर शोधतो आणि ‘ड्रायव्हर अपडेटर’ नावाचं भलतंच काहीतरी उतरवून बसतो. ते आधी फुकट स्कॅन करतं, भरमसाट दोष दाखवतं आणि कार्डाचा नंबर मागतं. तिथे पैसे देऊ नका. खात्यातून रक्कम गेलीच असेल तर त्याच तासात 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन करा. अडॅप्टरसाठी ड्रायव्हर शोधायची वेळ आली म्हणजे अडॅप्टरच परत करायची वेळ आली, असं धरून चाला.

घेताना चिपेचं नाव विचारा. ‘गिगाबिट आहे ना?’ या प्रश्नाला प्रत्येक दुकानदार हो म्हणतो, ‘आरटीएल 8153 आहे का?’ याला नेमकं उत्तर द्यावं लागतं. टीपी-लिंकच्या यूई300मध्ये हीच चिप आहे, फक्त तिथे आयडीत रिअलटेकऐवजी टीपी-लिंकचा स्वतःचा क्रमांक दिसतो. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तापकीर गल्लीत घेत असाल तर लॅपटॉप बरोबर न्या, काउंटरवरच लावून हार्डवेअर आयडी बघा, आणि बिलावर ‘यूएसबी 3.0 गिगाबिट’ असं लिहून घ्या. परदेशी मालाच्या पाकिटावर आयातदाराचं नाव, पत्ता आणि कोणत्या देशात बनलं ते नसेल तर ते कायद्याने विकताही येत नाही.

ऑनलाइन घेतलं असेल तर पाकीट उघडताना व्हिडिओ काढा आणि त्याच दिवशी तपासा. परत करताना कारण ‘स्लो चालतं’ असं लिहू नका. तुमचं नेटच स्लो आहे, असं उत्तर येतं आणि विषय संपतो. ‘वस्तू वर्णनाप्रमाणे नाही’ हे निवडा. जोडीला दोन स्क्रीनशॉट द्या: जाहिरातीतला 1000 एमबीपीएसचा दावा आणि हार्डवेअर आयडी किंवा यूएसबीचा वेग. जाहिरातीचा स्क्रीनशॉट मागवतानाच काढून ठेवा, मजकूर मागाहून बदलला जातो. तरीही नकार आला तर साइटच्या तक्रार अधिकाऱ्याला लेखी कळवा. 2020च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत पोच द्यायची असते आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. तेही झालं नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, क्रमांक 1915. तिथे बोलताना ऑर्डर नंबर, तक्रारीची तारीख आणि ते दोन स्क्रीनशॉट समोर ठेवा.