मोठे टायर आणि चुकणारा मीटर: आठ महिन्यांच्या वापरानंतर

आठ महिन्यांपूर्वी गाडीचे चारही टायर बदलले. आधी २३५/७५ आर १५ होते, आता ३१ बाय १०.५ आर १५ आहेत. कच्च्या रस्त्यावर गाडीचं पोट घासायचं, ते थांबावं म्हणून हा खटाटोप केला आणि ते खरंच थांबलं. पण त्यासोबत मीटर चुकायला लागला. तो सुधारण्यासाठी सेन्सरच्या वायरीत बसणारी एक छोटी इलेक्ट्रॉनिक पेटी घेतली. ती साधारण अकरा हजार किलोमीटर वापरून झाली आहे, म्हणून आता सविस्तर लिहितोय. पेटीबद्दल सांगण्यासारखं आहेच, पण तिच्यात कोणता आकडा भरायचा याबद्दल जास्त आहे. पेटी एका दुपारी बसली. योग्य आकडा सापडायला तीन महिने गेले.

मुळात गाडीला आपला वेग कळत नसतो, फक्त फेरे कळतात. माझ्या गाडीत गिअरबॉक्समधून बाहेर पडणाऱ्या शाफ्टजवळ सेन्सर आहे. शाफ्ट फिरला की तो विजेचे ठोके पाठवतो. मीटर ते ठोके मोजतो आणि कंपनीने ठरवलेल्या चाकाच्या घेरावरून वेग आणि अंतर काढतो. चाक मोठं झालं की तेवढ्याच ठोक्यांत गाडी जास्त पुढे जाते, पण मीटर जुन्या घेरावरच हिशोब करत राहतो. पेटी मधे बसून हे ठोके ठरावीक टक्क्यांनी वाढवते किंवा कमी करते. तिचं काम एवढंच आहे.

सुरुवातीला सगळे करतात तेच मी केलं, कागदावर गणित मांडलं. टायरची रुंदी २३५ मिलिमीटर, तिचे ७५ टक्के म्हणजे १७६.२५ मिलिमीटर उंचीची बाजूची भिंत. ती दोनदा धरायची आणि १५ इंची रिमचे ३८१ मिलिमीटर मिळवायचे, की जुना व्यास ७३३.५ येतो. नवा ३१ इंच, म्हणजे ७८७.४. फरक ७.३ टक्के. हाच आकडा पेटीत टाकून मोकळा होणार होतो. नशिबाने जुने टायर काढायच्या आदल्या दिवशी त्यांचा घेर प्रत्यक्ष मोजून ठेवायची बुद्धी झाली.

ते मोजणं सोपं आहे आणि प्रत्येकाने करावं. सपाट फरशीवर गाडी उभी केली, मागच्या टायरवर जमिनीला टेकतो तिथे खडूची रेघ मारली आणि त्याच रेषेत फरशीवर दुसरी. धाकट्या भावाला स्टिअरिंगवर बसवलं, कारण माणूस आत बसल्यावर टायर थोडा दबतो आणि रस्त्यावर तो तसाच दबलेला असतो. मग गाडी सरळ, हळूहळू पुढे ढकलली. रेघ खाली येऊन टेकली की एक, असे दहा फेरे. दहाव्या फेऱ्याला फरशीवर खूण केली आणि टेपने मोजलं: २२.१२ मीटर. नवे टायर बसल्यावर त्याच फरशीवर, भावालाच बसवून, हवा नेहमीइतकी भरून पुन्हा मोजलं: २३.६२ मीटर. भागाकार केला तर वाढ ६.८ टक्के. कागदावरचे ७.३ कुठेच नव्हते. बाजूवर ३१ लिहिलेलं असलं तरी टायर बरोबर ३१ इंचांचा भरेल असं नाही. माझा कमीच भरला. शिवाय जुने टायर झिजलेले होते, म्हणजे ज्या घेराशी तुलना केली तोही नव्या टायरचा नव्हता.

ही शेवटची गोष्ट तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. तिने पुढे चांगलंच खेळवलं.

टायर बदलण्याआधी जीपीएसवर वेग तपासून ठेवला होता. सरळ सपाट रस्त्यावर काटा ८० वर धरला की जीपीएस ७६ दाखवायचा. पुष्कळांना हा मीटरमधला बिघाड वाटतो. तो बिघाड नाही. संयुक्त राष्ट्रांचा ३९ क्रमांकाचा नियम बऱ्याच देशांत लागू आहे. त्यानुसार मीटरने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीच दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर चालतो, पण खऱ्या वेगाचा दहावा भाग अधिक ताशी ४ किलोमीटर इथपर्यंतच. म्हणून कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. नवे टायर घातल्यावर ८० च्या काट्याला जीपीएस ८१ दाखवू लागला आणि १०० ला १०२. म्हणजे जी बाजू मीटरने कधीच घ्यायला नको, तिकडे तो गेला. वेगमर्यादेच्या पाटीजवळ काट्यावर भरवसा ठेवणाऱ्याला दंड याच फरकाने बसतो. ब्रेक लावताना तर वेगाचा वर्ग मोजला जातो, म्हणजे ६.८ टक्के जास्त वेगाला थांबायचं अंतर जवळपास १४ टक्क्यांनी वाढतं.

पेटी बसवून दिली त्या मिस्त्रींनी गाडी रस्त्यावर नेली, मोबाइलवर जीपीएस लावला आणि काटा जुळेपर्यंत पेटी फिरवली. पेटीवर दोन बारीक चकत्या आहेत, एक दहाच्या अंकाची आणि एक एककाची, आणि वाढ की घट ते ठरवणारा एक खटका. अधिक २ वर काटा आणि मोबाइल अगदी जुळले. "जीपीएसशी जुळलं ना, मग झालं काम," असं ते म्हणाले. मलाही ते पटलं. मीटरवर ८०, मोबाइलवर ८०, अजून काय पाहिजे?

पुढचे दोन महिने मी त्याच आकड्यावर चालवली. शंका आली ती डिझेलच्या वहीमुळे. मी दर वेळी टाकी फुल करून लिहून ठेवतो. जुन्या टायरवर ॲव्हरेज १०.८ पडायचं. टायर बदलल्यावर, पेटी बसेपर्यंतच्या तीन भरण्यांत ते ९.६ वर आलं, म्हणजे टायरने लिटरमागे सव्वा किलोमीटर खाल्लं असं मी धरून चाललो. पेटी बसल्यावर ते ९.८ झालं. मीटर दुरुस्त झाला असेल तर आता खरं ॲव्हरेज दिसायला हवं, आणि खरं एवढं खराब असेल यावर माझा विश्वास बसेना.

म्हणून रस्त्यावरचे किलोमीटरचे दगड धरून ५० किलोमीटर तपासले. हे काम मी जुन्या टायरवरही केलं होतं, तेव्हा ओडोमीटरने, म्हणजे अंतर मोजणाऱ्या मीटरने, ५०.४ भरले होते. आता ४८.१ भरले. ५० किलोमीटरमागे जवळपास दोन किलोमीटर मीटर गिळत होता, आणि तेही काटा जीपीएसशी तंतोतंत जुळलेला असताना.

इथे मला उमगलं की स्पीडोमीटर आणि ओडोमीटर यांच्या चुका वेगवेगळ्या आहेत. ठोके एकच, पण कंपनी काट्याला मुद्दाम पुढे ढकलते आणि अंतराला जवळपास खरं ठेवते. पेटी दोघांनाही एकाच टक्क्याने हलवते. काटा अगदी खरा करायला गेलात तर अंतर खोटं पडतं, आणि अंतर खरं केलं तर काटा कंपनीने ठेवला होता तितका पुढे राहतो. दोन्ही एकदम बरोबर करता येत नाहीत. जीपीएस समोर लावून आकडा ठरवणाऱ्या प्रत्येकाचा ओडोमीटर असाच चुकत असणार, आणि त्यांना ते माहीतही नसणार. म्हणूनच हे एवढं लांबवून लिहितोय.

मी अंतर निवडलं. काटा थोडा पुढे असला तर कुणाचं नुकसान होत नाही, उलट तो सावध ठेवतो. अंतरावर मात्र ऑइल बदलणं अवलंबून असतं, टायमिंग बेल्ट अवलंबून असतो, ॲव्हरेजचा हिशोब असतो, आणि उद्या गाडी विकली तर घेणाऱ्याला सांगायचा आकडा तोच असतो. दगडांवरून हिशोब केला तर वाढ ६ टक्के हवी होती. ६.८ नाही, कारण ते झिजलेल्या जुन्या टायरच्या तुलनेत होते आणि त्या झिजेमुळेच तेव्हा ५० चे ५०.४ दिसत होते. अधिक ६ वर ठेवल्यावर पुन्हा तोच रस्ता धरला. सकाळची वेळ होती, रस्ता मोकळा होता. शेवटचा दगड बाजूने गेला तेव्हा ट्रिपवर ५०.० होते. काटा ८० वर, जीपीएस ७६ आणि ७७ च्या मधे. मनासारखं झालं.

ॲव्हरेज त्यानंतर १०.१ ते १०.२ पडतंय. म्हणजे टायरने अर्धाच किलोमीटर खाल्ला, उरलेला घोळ मोजण्यातला होता. मधल्या काळात ओडोमीटरने सुमारे १८५ किलोमीटर कमी मोजले, ते मी तारखेसह सर्व्हिसच्या पुस्तकात लिहून ठेवलंय. ओडोमीटरचा जुना आकडा फिरवणं हा पुष्कळ देशांत गुन्हा आहे. पेटी त्या आकड्याला हात लावत नाही, फक्त इथून पुढचं मोजणं सुधारते. तरीही नोंद लेखी असलेली बरी.

आता तक्रार. पेटीत खोट निघाली नाही, जोडणीत निघाली. चौथ्या महिन्यात, पाऊस लागल्यावर, खड्ड्यात चाक आपटलं की काटा सरळ शून्यावर यायचा आणि दोन सेकंदांनी उसळून वर जायचा. एकदा इंजिनाचा दिवाही लागला, कारण तोच सिग्नल इंजिनाच्या संगणकाला जातो. गाडीखाली शिरून पाहिलं तर सिग्नलची वायर न सोलता, वरून दाबून बसवायच्या क्लिपने जोडलेली. क्लिपच्या पात्याने तांब्याच्या तारा अर्ध्या तोडल्या होत्या आणि उरलेल्यांवर हिरवा गंज चढला होता. गंजलेला तुकडा कापून टाकला, जोड सोल्डर केला आणि वर आतून गोंद असलेली, तापवली की आवळणारी नळी चढवली. पेटीची अर्थिंगही मीटरच्या बारीक वायरवरून काढून चासीच्या बोल्टवर घेतली. तेव्हापासून काटा एकदाही पडलेला नाही. कोणाकडूनही बसवून घ्या, पण जोड सोल्डरचा असू द्या आणि पेटी पाणी उडणार नाही अशा जागी ठेवायला सांगा.

पेटी कुठे जोडता यावरही बरंच ठरतं. मी सेन्सरच्या जवळच जोडली, त्यामुळे मीटर आणि इंजिनाचा संगणक दोघांनाही सुधारलेले ठोके मिळतात. फक्त मीटरच्या मागे जोडली तर काटा सुधारतो, पण बाकीची गाडी जुन्याच समजुतीवर चालते. ऑटोमॅटिक गिअर असेल तर ही गोष्ट विसरू नका, कारण गिअर कधी बदलायचा ते याच वेगावरून ठरतं.

ज्यांच्या गाडीत वेग चाकांजवळच्या एबीएस (ब्रेक लावताना चाकं अडकू न देणाऱ्या यंत्रणेच्या) सेन्सरवरून येतो आणि कॅन बसवरून, म्हणजे गाडीतल्या संगणकांना जोडणाऱ्या तारांवरून, सगळीकडे जातो, त्यांनी ही पेटी घेऊ नये. तिथे ओबीडी सॉकेटला (गाडीचा संगणक तपासायचं यंत्र जोडतात तिथे) यंत्र लावून संगणकातली टायरच्या घेराची नोंदच बदलावी लागते. ते काम झालं तर पेटीपेक्षा जास्त नीटनेटकं होतं. हवेचा दाब चाकांच्या फेऱ्यांवरून ओळखणारी यंत्रणा असेल तर तीही नव्याने शिकवावी लागते. केबलच्या जुन्या गाड्यांत केबलच्या टोकाचं प्लास्टिकचं गिअर बदलतात. मोठ्या टायरसाठी कमी दात्यांचं घ्यायचं, म्हणजे केबल जास्त फिरते.

एक इशारा स्टेपनीबद्दल. माझी स्टेपनी अजून जुन्याच मापाची आहे. चार चाकांना ताकद देणाऱ्या गाडीत तसं एक चाक लावून फोर बाय फोर टाकलं तर पुढच्या आणि मागच्या शाफ्टची ओढाताण होते आणि ट्रान्सफर केस, म्हणजे ताकद पुढे-मागे वाटणारा गिअरचा डबा, जाते. पंक्चरच्या वेळी तेवढं सांभाळून चालवतो. पाचवा टायर घ्यायचाच आहे.

गेल्या महिन्यात पुन्हा ५० किलोमीटरचे दगड धरले. नक्षीची खोली ११ मिलिमीटरवरून साडेनऊवर आली आहे, म्हणजे व्यास ३ मिलिमीटरने घटला. ओडोमीटरने ५०.२ भरले. टायर जसा झिजेल तसा मीटर थोडं जास्त दाखवेल, कमी नाही, म्हणून चकतीला हात लावलेला नाही. ५०.५ दिसायला लागले की ६ वरून ५ वर आणीन.