सिलोम सोई ४ आणि सोई २: पहिल्यांदा बँकॉकला जाणाऱ्या गे मुलांनी वाचा

बँकॉकला आता तीनदा जाऊन आलोय. पहिल्यांदा एकटा, मग पार्टनरसोबत, आणि या वेळी आमच्याबरोबर आमचा एक मित्र होता, वय बावन्न, आम्ही त्याला दादा म्हणतो. आख्ख्या आयुष्यात गे बारमध्ये पाय ठेवला नव्हता त्याने. त्यामुळे या वेळी सगळं त्याच्या नजरेने बघितलं गेलं, कुठे तो घाबरला, कुठे सैल झाला, कुठे पैसे उगाच गेले, आणि म्हणून हा रिव्ह्यू लिहायला बसलोय. क्लबांच्या याद्या चिक्कार सापडतात पण रात्र कशी घालवायची ते कुणी सांगत नाही.

आधी जागा समजून घ्या. सिलोम रोडवर बीटीएसचं (उन्नत रेल्वे) साला डेंग स्टेशन आणि एमआरटीचं (मेट्रो) सिलोम स्टेशन अगदी जवळजवळ आहेत, तिथून चालत दोन-चार मिनिटांत सोई २ पण येते आणि सोई ४ पण. सोई म्हणजे गल्ली. सोई ४ ही बसायची गल्ली आणि सोई २ ही नाचायची गल्ली, एवढं डोक्यात ठेवलं की काम झालं. पलीकडे पॅटपाँग हा गो-गो बारांचा, म्हणजे स्टेजवर नाचणाऱ्यांच्या बारांचा भाग आहे, त्याच्याबद्दल खाली लिहितो.

सोई ४ मध्ये टेलिफोन पब आणि द बाल्कनी हे दोन जुने बार आहेत, टेलिफोन तर ऐंशीच्या दशकापासूनचा, नाव पडलं कारण पूर्वी टेबलांवर फोन असायचे आणि एका टेबलावरून दुसऱ्या टेबलाला फोन लावता यायचा. मला हे बार आवडतात ते एकाच कारणासाठी, टेबलं बाहेर गल्लीत मांडलेली असतात. काळ्या काचा नाहीत, जिना चढून अंधारात शिरायचं नाही. बाहेर बसा, एक बिअर घ्या, येणारे-जाणारे बघा. जेवण पण मिळतं त्यामुळे संध्याकाळी लवकर जाऊन बसलं तरी कुणी काही विचारत नाही, उलट लवकर गेलात तर हॅपी अवरमध्ये ड्रिंक स्वस्त पडतं.

पहिल्या रात्री दादाने भिंतीकडची खुर्ची घेतली, गल्लीकडे पाठ करून. मेनूकार्ड तोंडासमोर धरून बसला बराच वेळ. मला हळूच विचारतो, इथे फोटोबिटो काढतात का रे लोक? म्हटलं काढतात पण आपापले काढतात, तू निवांत बस. शेजारच्या टेबलावर दोन म्हातारे होते, सत्तरीचे असतील, एकाच ताटातलं काहीतरी खात होते आणि एकमेकांशी फारसं बोलत पण नव्हते, घरी बसल्यासारखे. दादा मेनूकार्डाच्या वरून त्यांच्याकडेच बघत होता. आम्ही काही बोललो नाही, त्याला बघू दिलं.

बिलाची पद्धत समजून घ्या, फार कामाची आहे. प्रत्येक ऑर्डरची चिठ्ठी गुंडाळी करून टेबलावरच्या छोट्या कपात खोचून ठेवतात. उठायच्या वेळी 'चेक बिन' म्हणायचं, मग तो कप घेऊन जातात आणि हिशोब करून आणतात. त्या चिठ्ठ्या मधूनमधून काढून बघत जा, त्यात कुणाला राग येत नाही. आमच्या एका रात्री एका बारमध्ये (नाव नाही लिहीत) कपात दोन चिठ्ठ्या जास्त निघाल्या, आम्ही न मागवलेल्या शॉट्सच्या. दाखवल्यावर वेटरने लगेच काढून टाकल्या पण आम्ही मोजल्या नसत्या तर पैसे गेलेच होते. चूक होती का मुद्दाम केलं ते कळायला मार्ग नाही, तुम्ही फक्त मोजा.

याच गल्लीत स्ट्रेंजर बार आहे, अरुंद, आणि तिथले ड्रॅग शो (बायकांच्या नटव्या वेशातले गाण्या-नाचाचे कार्यक्रम, करणाऱ्याला क्वीन म्हणतात) हे माझ्या मते या सगळ्या भागातलं सगळ्यात मन लावून केलेलं काम आहे. बसायला जागा हवी असेल तर शो सुरू व्हायच्या बऱ्याच आधी जा. आम्ही एकदम पुढे होतो, एवढे पुढे की क्वीनच्या बाहीवरचे मणी दिसत होते, एकेक हाताने शिवलेला, आणि एक मणी निसटून आमच्या टेबलावर पडला तो दादाने उचलून रुमालात बांधून ठेवला. शो संपल्यावर ती टिपसाठी फिरत आली तेव्हा त्याने तो मणी आणि १०० बाटची नोट दोन्ही तिच्या हातात दिलं, तिने त्याला वाकून वाय केला, म्हणजे हात जोडून नमस्कार. टिपसाठी २० आणि १०० च्या नोटा सुट्ट्या करून ठेवा, हजाराची नोट घेऊन तिथे काही उपयोग नाही. आणि तिच्या अंगाला, केसांना तिने सांगितल्याशिवाय हात लावू नका, पर्यटक फार लावतात आणि बघवत नाही ते.

आता सोई २. गल्लीच्या तोंडालाच तपासणी, बॅग बघतात आणि ओळखपत्र मागतात. थायलंडमध्ये दारूचं वय २० आहे, तुम्ही चाळीस दिसत असाल तरी कागद मागू शकतात, तेव्हा पासपोर्ट नाहीतर निदान त्याची प्रत जवळ ठेवा. स्लीपर आणि हाफ चड्डीवर जाऊ नका, परत पाठवलेले लोक मी स्वतः पाहिलेत. इथलं मुख्य ठिकाण म्हणजे डीजे स्टेशन. आत जायच्या तिकिटातच ड्रिंकची कूपनं येतात, ती सांभाळा. साधारण अकराच्या पुढे ड्रॅग शो होतो आणि तो झाला की आख्खा हॉल एकदम नाचायला सुटतो. वरच्या मजल्यांवरून खालचा डान्स फ्लोर दिसतो, ज्यांना गर्दीचा त्रास होतो त्यांनी वर कठड्याला उभं राहावं, तिथून मजा पण येते आणि श्वास पण घेता येतो. शनिवारी गर्दी इतकी की ग्लास धरलेला हात खाली आणता येत नाही, मला विचाराल तर बुधवार गुरुवार बरे. सगळ्या वयाचे लोक असतात, थाई मुलं, तैवान सिंगापूरकडची मुलं, युरोपातले रिटायर झालेले पुरुष, पोट सुटलेले, काटकुळे, सगळे. एकटे गेलात तरी एकटं वाटत नाही हे मी पहिल्या ट्रिपचा अनुभव म्हणून सांगतोय.

रात्री बाराच्या आसपास बीटीएस आणि एमआरटी दोन्ही बंद होतात. त्यानंतर ग्रॅब किंवा बोल्ट अ‍ॅपवरून गाडी बोलवा, आणि ती सिलोमच्या मुख्य रस्त्यावर बोलवा, गल्लीत गाडी येत नाही. बाहेर उभे असलेले टुकटुकवाले मध्यरात्री तोंडाला येईल तो भाव सांगतात. हॉटेल चालत जाता येईल असं सिलोम किंवा शेजारच्या सुरावोंग रोडला घेतलं तर हा प्रश्नच उरत नाही, आम्ही या वेळी तेच केलं आणि थोडं महाग पडलं तरी वसूल झालं. परतताना रस्त्यावर मू पिंग मिळतं, कोळशावर भाजलेल्या डुकराच्या मांसाच्या काड्या आणि चिकट भात, दोन वाजता याच्यासारखं दुसरं काही नाही. न खाणाऱ्यांना सेवन इलेव्हन आहेच, चीज टोस्ट गरम करून देतात.

पॅटपाँगबद्दल. रस्त्यात लॅमिनेट केलेलं कार्ड दाखवत माणसं मागे लागतात, वर शो आहे, बघायचे पैसे नाहीत वगैरे. वर जाऊ नका. वर गेलेल्यांची बिलं हजारोंत जातात आणि दारात दांडगी माणसं उभी असतात, हे वर्षानुवर्षं चालू आहे. 'माय आव ख्रप' म्हणा, म्हणजे नको, हसून म्हणा आणि चालत राहा. गे गो-गो बारसुद्धा त्या बाजूला आहेत, जायचं असेल त्याने जावं, पण बसायच्या आधी ड्रिंकचा भाव छापील कार्डावर बघा, आणि तिथला मुलगा त्याचं काम करतोय हे विसरू नका, त्याच्याशी नीट वागा. काही घोळ झालाच तर टुरिस्ट पोलिसांचा नंबर ११५५, इंग्रजीत बोलतात.

डेटिंग अ‍ॅपवर ओळख झालेल्या कुणाला भेटणार असाल तर आधी सोई ४ ला बाहेरच्या टेबलावर भेटा, सरळ रूमवर बोलवू नका. बरीच हॉटेलं पाहुण्याचं ओळखपत्र रिसेप्शनवर ठेवून घेतात, ते तुमच्याच भल्याचं आहे, त्याला लाजू नका. पण चेक-इन करतानाच पाहुण्यांचा नियम विचारून घ्या, कारण आधीच्या ट्रिपला एका हॉटेलने मध्यरात्री वेगळी फी मागितली होती आणि त्या बिचाऱ्या मुलासमोर दहा मिनिटं वाद झाला, मला अजून वाईट वाटतं त्याचं.

तब्येतीचं पण इथेच लिहितो कारण हे कुणी मोकळेपणाने बोलत नाही. काँडम आणि ल्यूब स्वतःचं न्या. प्रेप (एचआयव्ही होऊ नये म्हणून आधीच घ्यायची गोळी) घेत असाल तर मूळ पॅकिंगमध्ये न्या. रोज घेत नसाल तर डॉक्टरांना टू-वन-वन पद्धत विचारा, संबंधाच्या २ ते २४ तास आधी दोन गोळ्या, मग त्या दोन गोळ्यांनंतर चोवीस तासांनी एक आणि पुढच्या चोवीस तासांनी अजून एक. काँडम फाटलं किंवा काही गडबड झाली तर पेप (संबंधानंतर घ्यायची एचआयव्ही प्रतिबंधक औषधं) ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागते, जितकी लवकर तितकी बरी, सुट्टी संपायची वाट बघायची नाही. थाई रेडक्रॉसचं निनावी क्लिनिक राचादामरी रोडवर आहे, लुंपिनी पार्कच्या भागात, म्हणजे सिलोमपासून लांब नाही, १९९१ पासून चालू आहे आणि नाव न सांगता एचआयव्हीची टेस्ट होते. आम्ही तिघांनी केली. दादाची आयुष्यातली पहिली. सुई टोचताना माझा हात धरला होता त्याने.

वेप (ई-सिगारेट) नेऊ नका, थायलंडमध्ये बंदी आहे आणि पकडलं तर दंड मोठा बसतो. ड्रग्जच्या वाटेला जाऊच नका, क्लबमध्ये पोलीस येऊन लघवीची चाचणी करतात असं झालेलं आहे. एटीएममधून बाहेरच्या कार्डावर दरवेळी २२० बाट किंवा जास्त कापतात, म्हणून एकदाच जास्त पैसे काढा. आणि मे २०२५ पासून थायलंडला जायच्या आधी तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं, ते फुकट आहे, पैसे मागणारी साइट दिसली की बंद करा.

कधी जावं? एप्रिलमधे १३ ते १५ सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्षाचा सण असतो, सिलोम रोडवर पाण्याची लढाई होते आणि त्याच दिवसांत जीसर्किटच्या मोठ्या गे डान्स पार्ट्या असतात, ज्यांना धिंगाणा हवा त्यांनी तेव्हाच जावं, हॉटेल मात्र महिनोन् महिने आधी बुक करा. शांतपणे बघायचं असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी, हवा पण बरी असते.

थायलंडमध्ये २३ जानेवारी २०२५ पासून दोन पुरुषांचं लग्न कायदेशीर आहे, आग्नेय आशियातला पहिला देश. गल्लीत हे कुठे लिहिलेलं दिसत नाही पण जाणवतं. आम्ही दोघं हातात हात घालून साला डेंगच्या जिन्यावरून उतरलो आणि कुणी वळून बघितलं नाही. रस्त्यात चुंबन वगैरे मात्र तिथे स्त्री-पुरुष जोडपी पण घेत नाहीत, तेवढं भान ठेवावं.

सोई ४ ला माझ्याकडून पाचपैकी पाच. सोई २ ला चार, शनिवारच्या गर्दीमुळे आणि सिगारेटच्या वासामुळे. पॅटपाँगच्या वरच्या मजल्यांना शून्य.

शेवटच्या रात्री परत बाल्कनीला बसलो होतो. दादाने या वेळी गल्लीकडे तोंड करून खुर्ची घेतली, मेनूकार्ड न बघताच ऑर्डर दिली. साडेबाराला आम्ही उठलो, सकाळची फ्लाइट होती, बॅगा भरायच्या होत्या. तो उठला नाही. म्हणाला, तुम्ही व्हा पुढे, मी येतो सावकाश.