मरळीचं बी घेताय? टबातला खेळ आधी समजून घ्या

शेततळ्यात मरळ मासा सोडायचा विचार असेल, तर हे वाचूनच पैसे द्या. आमच्या सोलापूर भागात एजंट फिरताहेत. बी, म्हणजे तळ्यात सोडायची पिलं, आमचं, खाद्य आमचं, तयार माल आम्हीच उचलणार आणि हैदराबादला पाठवणार, असं सांगतात. हैदराबादचं नाव पटतं, कारण तेलंगणात मरळ, म्हणजे तिथला कोर्रमीनू, राज्याचा मासा आहे. शिवाय जिवंत मरळ रोहू-कटल्यापेक्षा बरीच महाग जाते.

आम्हाला गंडवलं ते बी दाखवायच्या टबापाशी. एजंटाने मूठभर तरंगती खाद्याची गोळी फेकली आणि बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिलं, भराभर वर आली. "बघा मालक, गोळीवर लागलेलं बी आहे." मासे वर आले होते ते हवा घ्यायला! मरळीला नुसत्या कल्ल्यांवर भागत नाही, ती पाण्यावर तोंड काढून हवा घेते. गोळी टाका न टाका, ती वर येणारच.

मरळ जातीची शिकारी. पिलं आधी पाण्यातले बारीक जीव खातात, मग किड्यांच्या अळ्या, पुढे बेडकाची पिलं आणि लहान मासे. हलेल त्यावर झडप. गोळीची सवय तिला मुद्दाम लावावी लागते: आधी मासळीचा लगदा, मग त्यात थोडंथोडं कोरडं खाद्य. एवढा उपद्व्याप या लोकांनी केलाच नसावा. मरळीची नारिंगी पिलं थव्याने फिरतात, आईबाप राखण करतात. ओढ्यात जाळी घातली की अख्खा थवा हाती. आमचं बी तसलंच असणार.

असं बी उपाशी राहिलं की मोठं पिलू लहान पिलाला गिळतं. म्हणून तळ्यावर मेलेला मासा तरंगतच नाही, वरून सगळं आलबेल. खाद्य तसंच उरतंय म्हणून फोन केला, तर उत्तर: "बगळे नेताहेत, नाहीतर चोरी होतेय. राखण ठेवा." राखणदाराचा पगार वेगळा गेला. जाळं ओढलं तेव्हा थोड्या दांडग्या मरळी आणि काही बोटभर, एवढंच.

करारात कलम होतं, 'एकसारख्या मापाचाच माल उचलला जाईल.' एकमेकांना खाणाऱ्या माशांचं माप एकसारखं राहत नाही, हे लिहिणाऱ्याला पक्कं ठाऊक होतं. पावतीवर मरळीचं नावही नाही, नुसतं 'मिश्र मत्स्यबीज'. तक्रार कशाच्या जोरावर करणार?

बी बघायला जाल तेव्हा स्वतःची गोळी न्या. टाकल्यावर दहा मिनिटं तिथून हलू नका. तोंडात घेऊन थुंकताहेत का, किती गोळ्या तरंगत राहिल्या, पोटं भरलेली दिसतात का, ते बघा. एकाच टबात लहानमोठं बी मिसळलेलं असेल तर प्रतवारी झालेली नाही, ते घेऊच नका. आणि पावतीवर मरळ, तिचं माप आणि 'गोळी खाद्यावर वाढवलेली' हे तिन्ही लिहून घेतल्याशिवाय इसार देऊ नका.