कॉर्ग टीएम-६० ट्यूनर: ४४०, ४४२ आणि जुन्या हाय-पिच वाद्यांसाठी

ब्रास (ट्रम्पेट, ट्रॉम्बोनसारखी पितळी फुंकवाद्यं) वाजवणाऱ्याने ट्यूनर घेताना आधी कॅलिब्रेशनची, म्हणजे ए हा सूर किती हर्ट्झला धरायचा त्याची, रेंज पाहावी. टीएम-६० मध्ये ती ४१० ते ४८० हर्ट्झ आहे आणि १-१ हर्ट्झने बदलते. आयएसओ या मानक ठरवणाऱ्या संस्थेचं ४४०, न्यूयॉर्क फिलहार्मोनिकचं ४४२, व्हिएन्नाचं ४४३, बरोक मंडळींचं ४१५, ब्रिटिश ब्रास बँडचं १९६०च्या दशकापर्यंतचं ४५२च्या आसपासचं हाय पिच, सगळं त्यात बसतं. कमी रेंजच्या स्वस्त ट्यूनरचा ४१५ किंवा ४५२ला उपयोग नाही.

क्लिपचा काँटॅक्ट माइक (वाद्याला लावून त्याचीच कंपनं टिपणारा) घ्याच. बेलच्या (वाद्याच्या रुंद तोंडाच्या) कडेला लावला की शेजारच्या ट्रॉम्बोनचा सूर ट्यूनरच्या काट्यावर येत नाही. मात्र पडद्यावर दिसतो तो खरा वाजणारा सूर. बी फ्लॅट ट्रम्पेटवर तुमचा सी म्हणजे इथे बी फ्लॅट, हे नवशिक्यांना आधीच सांगून ठेवा.

वाद्य दहा मिनिटं वाजवून तापवा, मगच मोजा. हवा एक अंशाने तापली की सूर साधारण ३ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढतो. फुंकीने नळीचा सुरुवातीचा भाग गरमच असतो, त्यामुळे वाद्यात फरक त्याहून थोडा कमी पडतो. सूर लावताना काट्याकडे बघू नका. सूर स्थिर झाल्यावर बघा, नाहीतर ओठ काट्याच्या मागे धावतात.

४४० वरून ४४२ म्हणजे जेमतेम ८ सेंट. बी फ्लॅट ट्रम्पेटची मेन स्लाइड (सूर लावायची सरकती नळी) ३ मिलिमीटर आत घेतली की काम झालं. एफ हॉर्नची नळी खूप लांब, तिथे ८ मिलिमीटर लागतात.

खरी अडचण जुन्या हाय-पिच कॉर्नेटची. ४५२.५ वरून ४४०ला उतरायचं तर ४८ सेंट, म्हणजे मेन स्लाइड सुमारे १९ ते २० मिलिमीटर बाहेर. इथे बहुतेक जण थांबतात आणि मग व्हॉल्व्हचे (बोटाने दाबायच्या कळांचे) सूर चढे येतात, कारण व्हॉल्व्हच्या नळ्या जुन्या लांबीच्याच राहतात. एकट्या तिसऱ्या व्हॉल्व्हवर चूक ७-८ सेंटची, तिन्ही दाबल्यावर आणखी. म्हणून पहिल्या व्हॉल्व्हची स्लाइड सुमारे २.५, दुसरी १ ते १.५, तिसरी ३.५ ते ४ मिलिमीटर काढा. मोकळे (व्हॉल्व्ह न दाबता वाजणारे) सूर शून्यावर आणि व्हॉल्व्हचे उजवीकडे, म्हणजे चढे, दिसले, तर दोष याच स्लाइड्सचा. मेन स्लाइड तेवढी बाहेर काढल्यावर आत नळीचा पुरेसा भाग उरत नसेल तर लांब स्लाइड बनवून घ्यावी लागते.

४१५साठी मात्र आधुनिक ट्रम्पेट ओढूताणून उतरवू नका. मेन स्लाइडच ४ सेंटिमीटर काढावी लागते आणि व्हॉल्व्ह पार बिघडतात. त्या पिचसाठी नॅचरल (व्हॉल्व्ह नसलेला) ट्रम्पेट घ्या.

काटा फक्त सम-स्वरांतर (सप्तकाचे बारा सारखे भाग) जाणतो. कॉर्डमधला (एकत्र वाजणाऱ्या सुरांमधला) मेजर थर्ड, म्हणजे सा धरला तर शुद्ध ग, त्याच्यापेक्षा १४ सेंट खाली लागला तरच घट्ट बसतो, तिथे ट्यूनर बंद ठेवून कानाने लावा. आपल्याकडच्या बँडमध्ये कीबोर्ड असला, तर तो बहुधा ४४०वर असतो आणि त्याचे थर्ड हलत नाहीत. त्याच्यासोबत वाजवताना काटाच बरोबर.