मकोंडे की शिसवी? गोव्यात जुनी लाकडी शिल्पं जमवताना

1950-60च्या दशकांतलं कोरीवकाम गोव्यात शोधू लागलात की साधारण दोन प्रकार हाती लागतात. एक, मोझांबिक आणि टांगानिकातल्या (आजच्या टांझानियातल्या) मकोंडे जमातीची काळ्या लाकडातली शिल्पं. पोटापाण्यासाठी आफ्रिकेत गेलेल्या गोवेकरांनी परतताना ती आणली. आता जुनी घरं रिकामी होताना बाहेर पडतात. दुसरा, म्हैसूर-केरळकडचे शिसवी हत्ती आणि देवादिकांच्या मूर्ती. माझ्याकडे दोन्ही आहेत.

नक्षीची नजाकत हवी असेल तर शिसव पुढे. हत्तीच्या पाठीच्या गोलाईबरोबर लाकडाच्या जांभळट रेघा वळतात, ते पाहत राहावंसं वाटतं. मकोंडेतली शेतानी शैलीची वाकडी, भुताखेतांची रूपं सगळ्यांना रुचतील असं नाही. पण एकाच ओंडक्यातून कोरलेली, एकमेकांच्या खांद्यांवर चढलेली उजामा शैलीतली माणसं सहसा कुणालाही आवडतात.

माझा कौल ठरवला तो पॉलिशने. जुन्या शिसवी कामावर बहुधा लाखेचं पॉलिश असतं. आमच्याकडे जुलैत त्यावर पांढुरकी साय धरते, हात लावला तर चिकटतं, मग खाचांत धूळ आणि धुळीवर बुरशी. कारागिराकडे दिलं तर तो आधी पॉलिश पेपरने घासतो, आणि कोरलेल्या रेघांची धारच बोथट होते. ज्या धारेसाठी जुनी वस्तू घ्यायची, तीच जाते. दर पावसाळ्यात हे पाहणं माझ्या जिवाला फार लागतं. माझ्या मकोंडेंवर असा थर नाही. काळा गाभा नुसता घासून गुळगुळीत केलेला, कोरडं फडकं पुरतं. कडेला फिकट लाकूड ठेवलेलं असेल तर तेवढं तपासा. कीड तिथे लागते, खाली बारीक पीठ पडतं.

मकोंडे घेताना तळ ओल्या कापसाने पुसा. बुटाचं पॉलिश फासलेलं हलकं लाकूड लगेच उघडं पडतं. मकोंडेंच्या ज्या लाकडाला विक्रेते एबनी (आबनूस) म्हणतात ते खरं तर आफ्रिकन ब्लॅकवुड, शिसवाचंच भावंड, आणि इतकं जड की पाण्यात बुडतं. शिसवी हत्तीचे सुळे हस्तिदंती असतील तर व्यवहारच टाळा. ती खरेदी-विक्री बेकायदा आहे. परदेशी पाठवायचा विचार असेल तर दोन्हींना साइट्सचे (CITES, वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) नियम लागू होतात.

घर समुद्राकाठी किंवा मांडवीजवळ असेल तर मी छोटं उजामा सुचवेन. खोली कोरडी, हवेशीर असेल, तर मात्र चांगला शिसवी हत्ती सोडणं मलाही जड जाईल.