केंब्रिज : रँग्लर की ब्ल्यू?

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस केंब्रिजमध्ये नाव कमावण्याच्या दोन वाटा होत्या. ट्रिनिटी कॉलेजच्या रणजितसिंहांनी मैदान निवडलं. १८९३ मध्ये क्रिकेटचा ब्ल्यू (विद्यापीठाच्या संघातून खेळणाऱ्याला मिळणारा मान) मिळाला, पदवी मात्र नाहीच. १८९६ मध्ये इंग्लंडकडून पहिल्याच कसोटीत नाबाद १५४.

सेंट जॉन्स कॉलेजच्या रघुनाथ परांजप्यांची वाट मला जास्त कठीण वाटते. गणिताच्या ट्रायपॉसमध्ये, म्हणजे पदवीच्या परीक्षेत, नुसतं पास होऊन भागत नसे, गुणानुक्रम सिनेट हाउसमध्ये सर्वांदेखत वाचला जाई. पहिल्या वर्गात येणारे ते रँग्लर, त्यांतला पहिला तो सीनियर रँग्लर. खास शिकवणीवाल्यांकडे वर्षानुवर्षं गणितं घोटावी लागत. मुरडीसारख्या कोकणातल्या खेड्यातून गेलेला हा मुलगा १८९९ मध्ये सीनियर रँग्लर झाला (एका इंग्रज विद्यार्थ्यासह संयुक्त), तसा पहिलाच भारतीय. पुढे ते फर्ग्युसनचे प्राचार्य झाले. मैदानापेक्षा या यशाचा लाभ आपल्या विद्यार्थ्यांना थेट मिळाला.