म्युझिक लायब्ररीचं मोठं अपडेट: घ्यायचं की जुन्यावरच राहायचं?

महिन्याभरात तिघांनी मला हा एकच प्रश्न विचारला. एक सांगलीत गावभागातले काका, दुसरा मिरजेतला साऊंडवाला पोरगा आणि तिसरी विश्रामबागची माझी मावसबहीण जिनं दिवाळीत नवा लॅपटॉप घेतला. तिघांकडं गाणी स्वतःची, म्हणजे हार्डडिस्कवर फाईल करून ठेवलेली, महिन्याचे पैसे भरून मोबाईलवर ऐकायची भानगड नाही. आणि गाणी लावायच्या सॉफ्टवेअरमध्ये, म्हणजे प्लेअरमध्ये, तिघांच्या स्क्रीनवर तीच पाटी, नवीन व्हर्जन आलंय, अपडेट करा. मी तिघांना तीन वेगळी उत्तरं दिली, ती का वेगळी ते सविस्तर लिहितो कारण असाच प्रश्न पडलेले बरेच जण असणार.

आधी एक बघा, मोठं अपडेट आलं की लोक चिडतातच, पण चिडण्याचे दोन प्रकार असतात. एक असतो दिसण्यावरून, बटण कुठं गेलं, बाजूची पट्टी कुठं गेली वगैरे. दुसरा असतो केलेलं काम गेल्यावरून. पहिला राग बहुतेकांचा पंधरा दिवसांत उतरतो, दुसरा वर्षानुवर्षं उतरत नाही.

२०१२ ला ॲपलच्या गाण्यांच्या सॉफ्टवेअरचं, आयट्यून्सचं, ११ वं व्हर्जन आलं तेव्हा डावीकडची साइडबार लपवलेली होती, कव्हर फ्लो, म्हणजे अल्बमची चित्रं सरकवत बघायची सोय, काढून टाकलेली आणि डुप्लिकेट गाणी शोधायची सोयसुद्धा गायब. साइडबारवरून जो दंगा झाला तो व्ह्यू मेनूतून ती परत आणता येते हे कळल्यावर थंड झाला, डुप्लिकेटवाली सोय ११.०.१ मध्ये परत आली. आता लिनक्सवरचा अमारोक हा प्लेअर बघा. १.४ व्हर्जनवर लोकांचा जीव होता, डिसेंबर २००८ मध्ये २.० आलं ते जवळपास नव्यानं लिहिलेलं, त्यात सुरुवातीला इक्वलायझरसुद्धा नव्हता. तिथं लोक नुसते चिडून थांबले नाहीत, जुन्या १.४ चाच धागा पकडून २०१० ला क्लेमेंटाइन निघालं आणि त्यातून २०१८ ला स्ट्रॉबेरी, जे आजही चालू आहे. म्हणजे दहा वर्षांनीसुद्धा लोकांना त्या जुन्या पद्धतीचंच हवं होतं, एवढी ती तक्रार खरी होती.

त्यामुळं एखाद्या अपडेटखाली शंभर जणांनी शिव्या घातलेल्या दिसल्या तर शंभर मोजू नका, त्यातले किती जण रंगाबद्दल बोलतायत आणि किती जण रेटिंग गेलं, प्लेलिस्ट रिकाम्या झाल्या असं म्हणतायत ते बघा.

आता काकांचं सांगतो कारण मला हे सगळं कळलं ते तिथंच. सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात, १८४३ ला विष्णुदास भाव्यांनी नाटक इथंच उभं केलं, बालगंधर्वांचं नागठाणे आपल्याच जिल्ह्यात, त्यामुळं जुन्या घरांत नाट्यसंगीताच्या कॅसेटी निघतातच. काकांकडं १८० च्या आसपास होत्या. २०१७-१८ मध्ये त्यांनी डेकची वायर कॉम्प्युटरला लावून एकेक बाजू रेकॉर्ड केली, रोज दुपारी एक कॅसेट. ६० मिनिटांची कॅसेट सीडीच्या दर्जानं वेव्ह फाईलमध्ये घेतली की साधारण ६०० एमबी होते, त्यामुळं मोठी हार्डडिस्क घ्यायला लागली. प्रत्येक गाण्याच्या कॉमेंटमध्ये त्यांनी मराठीत टाईप केलं की ही कुणाच्या घरची, मधे टाळ्या कुठं आहेत, दुसऱ्या बाजूला टेप कुठं खेचली गेलीय. मग ऑगस्ट २०१९ चा महापूर आला. खालच्या कपाटातल्या सगळ्या कॅसेटी चिखलात. हार्डडिस्क तेवढी वरच्या मजल्यावर होती म्हणून वाचली.

म्हणजे आता जे काय आहे ते त्या डिस्कवरच आहे, परत रेकॉर्ड करायला मूळ कॅसेटच नाही.

गेल्या वर्षी मी त्यांच्या प्लेअरचं मोठं व्हर्जन टाकलं. नव्या व्हर्जननं जुनी लायब्ररी उचलली नाही, फोल्डर नव्यानं स्कॅन केले. गाणी सगळी आली, पण काकांनी दिलेले स्टार गेले आणि 'लायब्ररीत कधी आलं' त्या रकान्यात सगळ्या गाण्यांपुढं एकच तारीख, त्या दिवशीची. काकांना त्या तारखेच्या क्रमानंच गाणी लावायची सवय होती, कारण तो त्यांच्या रेकॉर्डिंगचा क्रम होता. ते काही बोलले नाहीत, फक्त म्हणाले, "अरे, मग पहिली कॅसेट कुठली होती ते आता कसं कळायचं?" मला उत्तर देता आलं नाही.

पण एक गोष्ट दिसली. जी गाणी मी आधी फ्लॅकमध्ये, म्हणजे दर्जा न घटवता लहान होणाऱ्या फाईलमध्ये, बदलून ठेवली होती त्यांच्या कॉमेंट जशाच्या तशा होत्या, मराठी अक्षर न् अक्षर. जी अजून वेव्हमध्येच होती त्यांच्या कॉमेंट कोऱ्या. कारण फ्लॅकमध्ये टॅग, म्हणजे गाण्याची माहिती लिहिलेले रकाने, फाईलच्या पोटातच युनिकोडमध्ये बसतात, फाईल जाईल तिथं ते जातात. वेव्हमध्ये टॅग ठेवायची पद्धत आहे पण सगळे प्लेअर ती सारखी वाचत-लिहीत नाहीत, त्यामुळं काकांचं टायपिंग जुन्या प्लेअरच्या डेटाबेसमध्येच राहिलं होतं. माझं आजचं सगळं म्हणणं यावरच उभं आहे. तुमचं काम फाईलमध्ये आहे का सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये, एवढं एक तपासा, मग अपडेटचं उत्तर आपोआप मिळतं.

आता एकेकाची जुनी-नवी बाजू घेतो.

विंडोजवरचा मीडियामंकी प्लेअर, ४ आणि ५. चार नंबरवाल्याचे लोक सोडायला तयार नाहीत आणि त्याला कारण आहे, वर्षानुवर्षं जमवलेल्या स्क्रिप्टा, म्हणजे जोडून घ्यायचे छोटे प्रोग्रॅम, पाचमध्ये चालत नाहीत, ॲडऑनची पद्धतच बदललीय. शिवाय पाच हे आतून ब्राउझरच्या इंजिनवर चालतं त्यामुळं जुन्या मशीनला जड जातं. पण त्याच कारणानं मराठी अक्षरं पाचमध्ये नीट दिसतात, बारीक रेझोल्यूशनच्या नव्या स्क्रीनवर चारमध्ये सगळं मुंगीएवढं नाहीतर धुरकट दिसायचं. आणि मोठा फायदा म्हणजे पाच हे चारच्या शेजारी वेगळं बसतं, जुन्या डेटाबेसची प्रत करून घेतं, त्यामुळं महिनाभर दोन्ही ठेवून बघता येतं. स्क्रिप्टा वापरत नसाल आणि मशीन बऱ्यापैकी नवं असेल तर जावा पाचवर.

फूबार२००० या प्लेअरचं १.६ आणि २. दोन नंबरचं २०२३ मध्ये पक्कं आलं, डार्क मोड आला, ६४ बिट आलं. इथली तक्रार एकच आणि रास्त आहे, जुने ३२ बिटचे कंपोनंट, म्हणजे वरून जोडायचे भाग, ६४ बिटमध्ये चालत नाहीत आणि काही कंपोनंट बनवणाऱ्यांनी कधीच सोडून दिलेत. उपाय सोपा, व्हर्जन २ चंसुद्धा ३२ बिट मिळतं ते घ्या. आणि पोर्टेबल इन्स्टॉल करून वेगळ्या फोल्डरमध्ये ट्राय करा, जुन्याला हात लागत नाही. स्टार आणि प्लेकाउंट प्लेबॅक स्टॅटिस्टिक्सच्या कंपोनंटमध्ये असतील तर ते फाईल टॅगमध्ये लिहायची कमांड आहे, उडी मारायच्या आधी ती चालवाच. मला स्वतःला फूबारच आवडतं आणि ते एका कारणासाठी, यात स्वतःचं फील्ड काढता येतं. मी 'नाटक' आणि 'राग' अशी दोन फील्डं केलीत, मराठी नाट्यसंगीताला कलाकार आणि अल्बम एवढ्यावर भागतच नाही. आयट्यून्समध्ये हे जमत नाही, लोक मग ग्रुपिंगमध्ये नाहीतर कॉमेंटमध्ये कोंबतात.

आयट्यून्स का ॲपल म्युझिक, हा विंडोजवाल्यांचा प्रश्न. मॅकवर २०१९ च्या कॅटालिनानं आयट्यून्सचे तुकडे केले, म्युझिक, पॉडकास्ट, टीव्ही वेगळे. तेव्हा डीजे लोक जास्त अडचणीत आले, कारण त्यांची सॉफ्टवेअरं आयट्यून्सच्या एक्सएमएल फाईलवरून प्लेलिस्ट उचलायची. विंडोजवर ही फोड २०२४ ला आली, आता संगीताला वेगळं ॲप आणि फोन जोडायला वेगळं. आणि ॲपल म्युझिक टाकलं की त्याच कॉम्प्युटरवर आयट्यून्स फक्त पॉडकास्ट आणि ऑडिओबुकापुरतं उरतं, म्हणजे मीडियामंकीसारखं दोन्ही शेजारी ठेवून बघणं इथं जमत नाही. लक्षात ठेवा, आयट्यून्समधले स्टार लायब्ररीच्या फाईलमध्ये असतात, गाण्यात नसतात.

म्युझिकबी या प्लेअरबद्दल थोडक्यात, विंडोजवर फुकट आहे, पोर्टेबल चालतं, कस्टम टॅग देतं, आणि नव्यानं सुरू करणाऱ्याला फूबारपेक्षा सोपं जातं. रून हे पैसे देऊन घ्यायचं सॉफ्टवेअर आहे, त्याचं २.० सप्टेंबर २०२२ ला आलं तेव्हा इंटरनेट सतत चालू पाहिजे अशी अट होती, लोकांनी ओरड केल्यावर ती सैल केली. आपल्याकडं पावसाळ्यात दोन-दोन दिवस नेट जातं, त्यामुळं असली अट आधी वाचायची सवय लावा.

आता मराठीवाल्यांची एक खास डोकेदुखी जी इंग्रजी रिव्ह्यूमध्ये कधीच सापडणार नाही. 'वाऱ्यावर' आणि 'वार्‍यावर', डोळ्याला एकच शब्द. पण कॉम्प्युटरच्या लेखी दोन, एकात नुक्ता असलेला ऱ आहे आणि दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा जोडणारा कोड. कीबोर्ड बदलला की हे बदलतं. तसंच 'ॲ' एका कोडचा आणि 'अ' वर चंद्र देऊन केलेला वेगळा. सर्चमध्ये एक टाईप केलं की दुसरं येत नाही आणि माणूस म्हणतो अपडेटनं गाणी खाल्ली. तसं झालेलं नसतं, गाणं तिथंच असतं. अपडेटच्या आधी दोन्ही प्रकारे शोधून एकच रूप करून घ्या, टॅग एडिटरमध्ये फाइंड-रिप्लेसनं अर्ध्या तासाचं काम.

नावांचंही तेच. अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत राहिले, १९३७ ला गेले, त्यांची गाणी मिरजेत कुणाकडं नसतील? माझ्या लायब्ररीत त्यांचं नाव चार प्रकारे होतं, खाँ, खां, खान आणि एक इंग्रजी स्पेलिंगवालं. जुन्या व्हर्जनमध्ये मी फोल्डर बघून गाणी लावायचो म्हणून जाणवलं नाही. नवी व्हर्जनं फोटोंचे चौकोन दाखवतात, तिथं खाँसाहेब चार ठिकाणी दिसले. आणि 'अल्बम आर्टिस्ट'चा रकाना कोरा असेल तर नाट्यगीतांचा एक संच बारा गायकांत फुटतो. इथं खरा दोष टॅगचा असतो, नवं व्हर्जन तो उघडा पाडतं एवढंच.

स्टारच्या बाबतीत एक इशारा. एमपी३ मध्ये स्टार ० ते २५५ अशा आकड्यात लिहिले जातात आणि प्रत्येक प्लेअरचं गणित वेगळं, विंडोज मीडिया प्लेअरचे चार स्टार म्हणजे १९६. दुसऱ्यात उघडलं की चारचे साडेतीन दिसू शकतात. आधी दहा गाण्यांवर ट्राय करा.

तर तिघांना काय सांगितलं. मिरजेच्या पोराला म्हणालो लग्नसराई संपेपर्यंत हात लावू नकोस. ४ जीबी रॅमचा लॅपटॉप, उद्या हळद परवा वरात, नवं व्हर्जन मधेच पहिला स्कॅन करत बसलं तर मांडवात शांतता. तो म्हणाला, "दादा, पण नंतर तरी करू ना?" नंतर कर, पण आधी प्लेलिस्टा एम३यू८ मध्ये, म्हणजे युनिकोडवाल्या प्लेलिस्ट फाईलमध्ये, एक्सपोर्ट कर, साध्या एम३यू मध्ये नको, साध्यात मराठी फाईलनावांची प्रश्नचिन्हं होतात.

मावसबहिणीला सांगितलं घे नवं. तिची गाणी सातशे-आठशे, सगळी टॅग केलेली, स्टार कधी दिलेच नाहीत, फोन आयफोन. जुन्या लॅपटॉपवरचा आयट्यून्सचा अख्खा फोल्डर पेनड्राईव्हवर काढला आणि नव्यावर ॲपल म्युझिक टाकलं, एका संध्याकाळचं काम झालं.

आणि काकांना म्हणालो, आता आलेलं हे नवं अपडेट लगेच नाही. आधी उरलेल्या सगळ्या वेव्ह फ्लॅकमध्ये, मग दोन डिस्कवर प्रत, त्यातली एक माझ्या घरी, मग बघू. जुन्या व्हर्जनची लायब्ररी फाईल नशिबानं मी पुसली नव्हती, तिच्यातून कोऱ्या झालेल्या कॉमेंट काढल्या आणि फ्लॅकमध्ये भरतोय. तारखासुद्धा त्यात सापडल्या, त्या आता मी फाईलमध्येच लिहितोय, वेगळ्या फील्डात, 'कॅसेट क्रमांक' म्हणून. परवा पहिला क्रमांक लागला तेव्हा काकांनी ती बाजू पूर्ण ऐकली, टाळ्यांपर्यंत. सध्या ६४ नंबरची कॅसेट चालू आहे.